एका बैठकीत व्यक्तिचित्र: तैलरंगात, माणूस समोर बसवून

व्यक्तिचित्राचं प्रात्यक्षिक बघायला गेलात तर एकदा ब्रशकडे न बघता चित्रकाराच्या मानेकडे बघा. मान सारखी फिरत असते: मॉडेलकडे, पॅलेटकडे, पुन्हा मॉडेलकडे, मग दोन पावलं मागे जाऊन कॅनव्हासकडे. ब्रश कॅनव्हासला टेकतो तो वेळ सगळ्यात कमी. आपण मात्र फटकारे मोजत बसतो आणि घरी येऊन हात झरझर चालवायला लागतो. तासाभरात चेहऱ्याचा चिखल होतो आणि मग "हे आपलं काम नाही" म्हणून ट्यूब ड्रॉवरमध्ये जातात.

तीन तासांत तैलचित्र पुरं होतं ते हात भरभर चालवल्यामुळे होत नाही. फटकारे थोडे असतात आणि प्रत्येक फटकारा कॅनव्हासवर जाण्याआधी पॅलेटवर ठरलेला असतो, म्हणून होतं. या लेखात जे काही सांगितलंय ते या एका गोष्टीसाठी.

या पद्धतीला 'आल्ला प्रिमा' म्हणतात. खालचा रंग ओला असतानाच वरचा लावायचा आणि एकाच बैठकीत चित्र संपवायचं. सतराव्या शतकात फ्रान्स हाल्स या डच चित्रकाराने हार्लेम शहरात अशा सुट्या, उघड्या फटकाऱ्यांनी माणसं रंगवली. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने धातूच्या, दाबता येणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि तयार रंग कुठेही नेणं सोपं झालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन सार्जंट, स्वीडिश झॉर्न, स्पॅनिश सोरोया या चित्रकार मंडळींनी ही पद्धत फार वर नेली. आपल्याकडे १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून तैलरंगातलं व्यक्तिचित्रण रुजलं. गोव्यातून येऊन तिथे शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे आंतोनियो शाविएर त्रिंदाद यांची चित्रं पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेच्या संग्रहात आहेत. गोव्याला जाणं झालं तर ती बघा, आणि लांबून बघून झाल्यावर जवळ जाऊन रंग कुठे जाड आहे, कुठे पातळ आहे ते पाहा. छापील प्रतीत हे कळत नाही.

आधी अडचण समजून घ्या

ओल्या रंगावर ओला रंग लावला की वरचा खालच्यात थोडा मिसळतोच. पहिला फटकारा स्वच्छ पडतो. त्याच जागी दुसरा मारला की थोडा मळतो. तिसऱ्यांदा घोळवलात की प्रकाश काळवंडतो, सावली पांढुरकी होते आणि सगळं एकाच राखाडी-तपकिरी रंगाचं दिसायला लागतं. यावरून कामाचे दोन नियम निघतात. सावल्या पातळ लावायच्या, प्रकाश जाड लावायचा. आणि चुकलेला फटकारा दुसऱ्या फटकाऱ्याने दुरुस्त करायचा नाही, पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या बोथट सुरीने, खरवडून काढायचा आणि नव्याने लावायचा. सार्जंट जमत नसलेलं अख्खं डोकं खरवडून पुन्हा सुरू करायचा, हे त्याच्यासमोर बसलेल्यांनी नोंदवून ठेवलंय. तासाभराचं काम पुसायला जीवावर येतं हे खरं, पण चुकीच्या जागी बसलेला डोळा कितीही सुंदर रंगवला तरी चुकीच्याच जागी राहतो.

सामान

कॅनव्हास १२ × १६ इंचांचा घ्या. त्यात डोकं सात ते आठ इंच उंचीचं बसतं, म्हणजे खऱ्यापेक्षा थोडं लहान. खऱ्याहून मोठं काढू नका. चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि रंगही दुप्पट लागतो. सरावाला ताणलेला कॅनव्हास लागत नाही, कॅनव्हास पॅडचा कागद बोर्डला चिकटपट्टीने लावला तरी चालतो.

पांढऱ्या कॅनव्हासवर सुरू करू नका. पांढऱ्यावर पहिला कुठलाही रंग गडदच दिसतो आणि टोनचा, म्हणजे रंग किती उजळ किंवा गडद आहे याचा, अंदाज पहिल्या मिनिटालाच चुकतो. आदल्या दिवशी ॲक्रेलिकच्या बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) थोडा अल्ट्रामरीन (निळा) घालून, भरपूर पाणी घेऊन हात मारा आणि फडक्याने पुसून घ्या. ओल्या मातीसारखा मधला टोन मिळाला की झालं.

रंगांच्या बाबतीत झॉर्नचं नाव नेहमी निघतं. त्याच्या १८९६च्या आत्मचित्रात हातातल्या पॅलेटवर पांढरा, पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, शेंदरी लाल आणि काळा एवढेच रंग दिसतात. शिकायला ही चौकडी उत्तम आहे, शेंदरी लालाच्या जागी कॅडमियम रेड घ्या. यातल्या काळ्यात, म्हणजे आयव्हरी ब्लॅकमध्ये, पांढरा मिसळला की त्वचेच्या उबदार रंगाशेजारी तो चक्क निळा दिसतो, आणि ऑकरमध्ये काळा घातला की शेवाळी हिरवट होतो. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला हा हिरवट फार उपयोगी पडतो, त्याबद्दल पुढे येतंच. आपल्या चेहऱ्यांसाठी मी यात तीन रंग वाढवतो: बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), ॲलिझरिन क्रिमझन (गडद किरमिजी) आणि अल्ट्रामरीन. आखणीसाठी तैलरंगातला बर्न्ट अंबर वेगळा. 'फ्लेश टिंट' नावाची तयार ट्यूब मिळते, ती घेऊ नका. तो रंग आपल्यापैकी कुणाचाच नसतो.

पांढरा टायटॅनियम घ्या आणि मोठी ट्यूब घ्या. नवशिक्यांच्या चित्रात दिसणारा कोरडेपणा बरेचदा कंजूसपणातून आलेला असतो. पॅलेटवर हरभऱ्याएवढे ठिपके काढले की ब्रशला भरपूर रंग येत नाही, आणि रंग नसलेला ब्रश फक्त घासतो. पांढरा सुपारीपेक्षा मोठा काढा, बाकीचे सुपारीएवढे. थोडा वाया जाईल, जाऊ द्या.

ब्रश डुकराच्या केसांचे, फ्लॅट (चपटे) किंवा फिल्बर्ट (चपटे, पण टोकाला गोलसर), ४ ते १० नंबरमधले पाच-सहा. त्यातले दोन फक्त सावलीसाठी आणि दोन फक्त प्रकाशासाठी ठेवा. ही शिस्त पाळली तर अर्धा चिखल टळतो. एक बारीक मऊ राउंड ब्रश हवा, पण तो पहिले दोन तास नजरेआड ठेवा. शिवाय पॅलेट नाइफ, भरपूर जुने सुती कपडे, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन. हार्डवेअरच्या दुकानातलं साधं टर्पेंटाइन ब्रश धुवायला पुरतं. खिडकी मात्र उघडी ठेवा.

माणूस आणि उजेड

पहिल्यांदा बसवायला घरातला किंवा शेजारचा मध्यमवयीन माणूस बघा, ज्याच्या चेहऱ्याची हाडं दिसतात. लहान मुलं बसत नाहीत. तरुण गुळगुळीत चेहरा वाटतो तितका सोपा नसतो, कारण त्यात टोनचे बदल फार नाजूक असतात. दाढी, मिशी, सुरकुत्या, चष्मा असलेले आजोबा हा सगळ्यात उदार विषय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: फोटो काढायचा असल्यासारखी पावडर लावून येऊ नका. पावडरीने कपाळावरची आणि नाकावरची चमक मरते, आणि आपलं अर्धं चित्र त्या चमकेवर उभं असतं.

उजेड एकाच बाजूने, थोडा वरून यायला हवा. असा की नाकाची पडछाया ओठाच्या कोपऱ्याकडे जाईल आणि पलीकडच्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण राहील. ट्यूबलाइट, खिडकी आणि दारातून येणारा उजेड असे तीन उजेड एकत्र आले की चेहऱ्यावर सावलीच उरत नाही आणि रंगवायला काही राहत नाही. बाकीचे दिवे बंद करा, पडदे ओढा.

उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली, असं पुस्तकांत असतं. ती पुस्तकं युरोपात लिहिलेली आहेत. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो, आणि मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो-मावळतो पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेलाच. तेव्हा उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन येतं. खिडकीला ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरी साडी लावा, नाहीतर सरळ एलईडी दिवा वापरा. दिवा पांढऱ्या उजेडाचा, ५००० केल्विनच्या आसपास, सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९०च्या वर असलेला बघा. कॅनव्हास आणि पॅलेटवर वेगळा दिवा ठेवा आणि त्याचा उजेड मॉडेलवर जाणार नाही याची काळजी घ्या.

खुर्ची कुठे ठेवायची याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. तुम्ही उभे आणि समोरचा खुर्चीत, म्हणजे तुम्हाला त्याचं टाळू जास्त आणि हनुवटी कमी दिसणार. कलाशाळेत त्यासाठी मॉडेल स्टँड असतो. घरी तुम्हीही बसा किंवा त्याची खुर्ची भक्कम चौथऱ्यावर ठेवा, म्हणजे त्याचे डोळे तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर येतील. कॅनव्हास असा उभा करा की मान फारशी न वळवता, जवळजवळ नजर हलवूनच मॉडेल आणि चित्र दोन्ही दिसतील. मागे चार-पाच पावलं जायला मोकळी जागा ठेवा. ही जागा ब्रशाइतकीच गरजेची आहे.

खुर्चीच्या पायांभोवती आणि मॉडेलच्या पावलांभोवती खडूने खुणा करा. नजर टेकवायला भिंतीवर कॅलेंडरचा एखादा आकडा ठरवून द्या. वीस-पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटं विश्रांती, चहा मधल्या मोठ्या सुट्टीत. "काका, गप्पा मारल्यात तरी चालेल, फक्त मान हलवू नका," एवढं सांगितलं की पुरे. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा जिवंत राहतो. अगदी गप्प बसवलं तर अर्ध्या तासात ओठांचे कोपरे खाली येतात, आणि चित्रात काका कुणाच्या तेराव्याला आल्यासारखे दिसतात.

पहिला पाऊण तास

ब्रश हातात घेण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. डोळे बारीक करून, पापण्यांच्या फटीतून. बारकावे विरघळतात आणि दोनच गोष्टी उरतात, उजेडातला भाग आणि सावलीतला भाग. सावलीचा आकार कसा आहे? बहुतेक चेहऱ्यांत एका बाजूची केसांची सावली, डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, गालाखालचा भाग, हनुवटीखालचा भाग हे सगळं जोडून एकच सलग आकार होतो. तो आकार ओळखीचा झाला की निम्मं काम झालं.

आता बर्न्ट अंबरमध्ये किंचित टर्पेंटाइन घालून ६ नंबरच्या ब्रशने आखणी. पेन्सिल नको, कोळसाही नको, त्याची काळी पूड रंगात मिसळते. टाळूची सगळ्यात वरची आणि हनुवटीची सगळ्यात खालची खूण आधी टाका, आणि मग काहीही झालं तरी त्या खुणा हलवू नका. या दोन्हींच्या मध्यावर डोळे येतात. नवशिक्यांचे डोळे हमखास वर चढतात आणि कवटी बशीसारखी चपटी होते. त्यानंतर डोक्याचा कल बघा, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांतून जाणारी रेघ किती तिरकी आहे ते. ब्रशचा दांडा हात ताठ करून समोर धरा आणि तोच कोन कॅनव्हासवर न्या. कुणाचंही डोकं अगदी सरळ नसतं, आणि ओळख पटते ती या कलावर, डोक्याच्या एकूण आकारावर, मान खांद्यांत कशी बसलीय त्यावर. वडिलांना आपण रस्त्यात लांबून, डोळे-नाक दिसण्याआधीच ओळखतो. साम्य पापण्यांत शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

मापं तोंडपाठ करू नका, तुलना करा. नाकाचा तळ कानाच्या पाळीच्या वर आहे की खाली? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून सरळ खाली आलं तर नाकपुडी आत पडते की बाहेर? अशा पाच-सहा तपासण्या पुरतात. मग सावलीचा सगळा सलग आकार त्याच पातळ अंबरने भरून टाका. डोळा, नाक, ओठ असं वेगवेगळं काही नाही, फक्त सावली. उजेड हवा तिथे फडक्याने पुसून घ्या.

इथे थांबून मागे जा. दोनच टोनचं हे चित्र लांबून त्या माणसासारखं दिसतंय का? दिसत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. पुसा, पुन्हा काढा. पंधरा मिनिटं जातील, पण पुढचे दोन तास वाचतील. मोबाइलची स्क्रीन बंद करून त्या काळ्या काचेत मॉडेल आणि चित्र शेजारी शेजारी बघा. प्रतिमा उलटी आणि अंधूक दिसते, त्यामुळे चुका लगेच उघड्या पडतात.

रंगांचे ढीग

मॉडेलला पहिली विश्रांती द्या आणि तेवढ्या वेळात नाइफने पॅलेटवर चेहऱ्याचे ढीग तयार करा. किमान चार हवेत: उजेड, मधला टोन, सावली आणि लालसर भाग. गव्हाळ चेहऱ्यासाठी उजेडाचा ढीग यलो ऑकर आणि पांढऱ्यापासून सुरू करून त्यात थोडा कॅडमियम रेड घालायचा. सावळ्या चेहऱ्यासाठी पाया बर्न्ट सिएना आणि ऑकरचा धरायचा, पांढरा अगदी जपून. मधल्या टोनसाठी ऑकर, सिएना आणि किंचित काळा, म्हणजे तो हिरवट छटेचा होतो. सावलीसाठी सिएना, ॲलिझरिन आणि अल्ट्रामरीन, पांढरा अजिबात नाही. लालसर भाग म्हणजे कान, नाकाचा शेंडा, गाल. तिथे मधल्या टोनमध्ये लाल वाढवायचा.

सावळा रंग म्हणजे गोऱ्या रंगात तपकिरी घातलेला, असं समजू नका. त्वचा जितकी गडद तितका तिच्यावरचा चकाकणारा उजेड जास्त उठून दिसतो. खिडकीशी बसलेल्या सावळ्या बाईच्या कपाळावरची चमक बघा. ती पिवळी नसते, आकाशाची निळसर-जांभळट असते. तिथे नुसता पांढरा लावला की पीठ लागल्यासारखं दिसतं. पांढऱ्यात चिमूटभर अल्ट्रामरीन आणि जरासा ॲलिझरिन घाला. दुसरं, आपल्याकडे उन्हात काम करणाऱ्यांचं कपाळ बरेचदा गालांपेक्षा गडद असतं, डोळ्यांभोवती आणि ओठांभोवतीही एक जांभळट-करडी छटा असते. परदेशी व्हिडिओंमध्ये "कपाळ पिवळं, गाल लाल, हनुवटी निळी" असे तीन पट्टे शिकवतात. दाढी केलेल्या हनुवटीचा निळसरपणा आपल्याकडेही दिसतो, पण कपाळाच्या बाबतीत ते सूत्र समोरच्या माणसाशी ताडून बघितल्याशिवाय वापरू नका.

ढीग बरोबर आहे का हे बघायला नाइफच्या टोकावर थोडा रंग घ्या, एक डोळा मिटा आणि तो मॉडेलच्या गालाशेजारी दिसेल असा धरा. नाइफवर आणि चेहऱ्यावर साधारण सारखा उजेड असेल तर फरक लगेच कळतो. बहुतेक वेळा आपला रंग फार फिका निघतो.

मोठे तुकडे

आता बसलेल्या माणसाचा चेहरा विसरून लहान-मोठ्या पृष्ठभागांचं काम करायचं. आधी सावलीचा रंग, पातळच. मग पार्श्वभूमी, आणि हे महत्त्वाचं आहे. चेहरा पुरा झाल्यावर मागचं भरू म्हणणाऱ्यांचा चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. गालाशेजारची पार्श्वभूमी गालाबरोबरच लावा, म्हणजे कड ओल्यात ओली जुळते. मग उजेडाचे तुकडे ८ किंवा १० नंबरच्या ब्रशने: कपाळाचा समोरचा भाग, कपाळाची बाजू, गालाचं हाड, नाकाचा दांडा, हनुवटी. प्रत्येक तुकड्यासाठी ढिगातून रंग घ्या, गरजेनुसार किंचित बदला, लावा, आणि हात उचला. घोळवू नका. शेजारच्या दोन तुकड्यांत टोनचा फरक बरोबर असेल तर लांबून ते आपोआप मिसळतात.

एक नियम मात्र कधी मोडायचा नाही. सावलीतला सगळ्यात उजळ भाग उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडदच राहिला पाहिजे. हनुवटीखाली परावर्तित उजेड दिसतो, लाल साडी असेल तर तिची लाली गळ्यावर आणि जबड्याखाली चढलेली असते. ती रंगवावीशी वाटते, आणि रंगवायलाच हवी, पण टोन न उजळता फक्त रंग बदलून. डोळे बारीक केल्यावर ती लाली सावलीत विरघळली तर बरोबर जमलं.

सावली आणि उजेड जिथे भेटतात तो पट्टा नीट बघा. चेहऱ्याची गोलाई तिथेच तयार होते. आपला हिरवट मधला टोन इथे लावायचा, एकदाच, रुंद ब्रशने. कपाळाच्या बाजूला हा पट्टा मऊ आणि रुंद असतो, नाकाच्या पडछायेला मात्र कड धारदार असते.

दीड तास झाला असेल. डोळे नाहीत, ओठ नाहीत, आणि तरीही समोरचा माणूस ओळखू यायला लागलेला असायला हवा.

डोळा, सात फटकाऱ्यांत

डोळ्याची खोबण आधीच गडद झालेली आहे, तिचा उपयोग करा. पहिला फटकारा वरच्या पापणीची सावली आणि बुबुळ मिळून एकच गडद आकार: सिएना, अल्ट्रामरीन, थोडा ॲलिझरिन. दुसरा आणि तिसरा बुबुळाच्या दोन्ही बाजूंचा 'पांढरा' भाग. तो पांढरा नसतोच. ऑकर, काळा आणि थोडा पांढरा मिसळून केलेला करडा रंग, गालाच्या उजेडापेक्षा गडद, आणि पापणीखाली अजून गडद. चौथा वरच्या पापणीचा उजेड, भुवईखालच्या घडीपर्यंत. पाचवा खालच्या पापणीची जाडी, अर्ध्याच लांबीचा, बाहेरच्या कोपऱ्याकडे विरणारा. सहावा आतल्या कोपऱ्यातला लालसर ठिपका. सातवी चमक, उजेड ज्या बाजूने येतो त्या बाजूला, बुबुळाच्या वरच्या भागात. ही एकदाच लावायची आणि तिकडे पुन्हा फिरकायचं नाही. पापण्यांचे केस काढू नका. एक डोळा पुरा करून मग दुसरा असंही करू नका, दोन्ही जोडीने पुढे न्या. सावलीतल्या डोळ्याला यातले चारच फटकारे पुरतात.

नाकाला बाह्यरेषा नसते. तळाचा गडद भाग, पडछाया आणि शेंड्यावरची चमक मिळून नाक होतं. नाकपुडीत काळा भरू नका, तिथला गडदपणा उबदार तांबूस असतो. ओठांत वरचा ओठ बहुधा सावलीत, खालचा उजेडात, आणि दोन्हींमधली रेघ एकसारखी नसते. मध्ये आणि कोपऱ्यांत गडद, इतरत्र जवळजवळ नाही. भाव कोपऱ्यांत असतो. कोपरा अर्धा मिलिमीटर वर गेला तरी स्वभाव बदलतो, म्हणून तिथे हात लावण्याआधी ताजा चहा घेतलेल्या, नुकत्याच बोललेल्या माणसाकडे बघा. थकलेल्या चेहऱ्यावरून ओठ रंगवू नका. दात दाखवणारं हसू सध्या नकोच, ते तीन तास टिकत नाही.

केस एक आकार म्हणून रंगवा. तेल लावून चापून बसवलेल्या केसांवरची चमक निळसर आणि ठळक असते, तिला दोन रुंद फटकारे पुरेत. कपाळाला केस भेटतात तिथली कड मऊ ठेवा, नाहीतर टोप घातल्यासारखं दिसतं. गांधी टोपी असेल तर ट्यूबमधला पांढरा तसाच उचलू नका. उजेडातल्या बाजूला पांढऱ्यात किंचित ऑकर, सावलीतल्या बाजूला करडा-निळा, आणि टोपीच्या कडेची कपाळावर पडलेली सावली विसरू नका. कुंकू कपाळ पुरं झाल्यावर, एकाच दाबात. नथीचे मोती म्हणजे आधी करडे ठिपके आणि त्यांतल्या एका-दोघांवर चमक. सगळे मोती चमकवले की बघणाऱ्याची नजर डोळ्यांवर जात नाही. चष्म्याची फ्रेम शेवटी, बारीक ब्रशने, तीही सलग नको. जिथे चकाकते आणि जिथे गडद दिसते तेवढीच.

कडा, आणि हात आवरणं

शेवटच्या अर्ध्या तासात नवं काही घालायचं नाही. मागे जा, डोळे बारीक करा आणि फक्त कडा बघा. कुठली कड दिसत नाहीये? सावलीतला जबडा आणि गळा, गडद केस आणि गडद पार्श्वभूमी, पलीकडचा खांदा. या कडा कोरड्या ब्रशने हलकेच मोडा. उजेडातल्या डोळ्याच्या, नाकाच्या आणि कॉलरच्या आसपास दोन-तीन कडा धारदार ठेवा. कपडे तर जवळजवळ सांगून सोडायचे. सदऱ्याची घडी, साडीच्या काठाचे चार ठिपके. काठाची नक्षी काढत बसलात तर बैठक साडीची होईल.

मॉडेलकडे न बघता ब्रश चालायला लागला की चित्र संपलं असं समजा. त्यानंतर होतं ते रंगकाम असतं, निरीक्षण नव्हे. घरातल्या कुणाला तरी हाक मारा आणि अजून एक फटकारा मारायच्या आत ब्रश काढून घ्यायला सांगा, असा सल्ला मी विद्यार्थ्यांना अर्धा गमतीत देतो. अर्धाच.

बसलेला माणूस उठून चित्र बघतो आणि बहुधा म्हणतो, "नाक जरा मोठं झालंय का?" ऐकून घ्या. तो स्वतःला आरशात उलटा बघत आलेला असतो, तेव्हा त्याचं मत नाकाच्या कलाबद्दल कच्चं आणि आपल्या माणसांचं पक्कं. बायकोने लांबूनच "हेच ते" म्हटलं तर साम्य आलं.

रोजचा सराव

दर आठवड्याला माणूस मिळत नाही, आणि फोटोवरून ही पद्धत शिकता येत नाही, कारण कॅमेऱ्याने सावल्या काळ्या करून टाकलेल्या असतात. आरशासमोर बसा. सुरुवातीला फक्त अंबर आणि फडकं घेऊन पाऊण तासात सावली-उजेडाचं डोकं, रंग नाहीच. ते जमायला लागलं की झॉर्नची चौकडी. मग तीच बैठक निम्म्या वेळात आणि ८ नंबरच्या एकाच ब्रशने. जुन्या सरावचित्रांवर गेसो, म्हणजे ॲक्रेलिकचं पांढरं अस्तर, मारून तोच कागद पुन्हा वापरता येतो असं समजू नका. तैलरंगावर, तो सुकलेला असला तरी, ॲक्रेलिक नीट टिकत नाही. त्यापेक्षा काम संपताच खरवडा, टर्पेंटाइनने पुसा, राहिलेला करडा थर सुकला की पुढच्या बैठकीला तयार टोन मिळतो.

आवरताना

ब्रश आधी फडक्याने पुसा, मग टर्पेंटाइनमध्ये, मग साबण आणि पाण्याने, केसांच्या मुळापर्यंत. जवसाचं तेल लागलेली फडकी चोळामोळा करून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता निघते. फडक्यांच्या ढिगात ती कोंडून आपोआप पेट घेतल्याचे प्रकार होतात. फडकी सुटी पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

चित्र वाळायला जाड भागांना आठवडे लागतात. अंबरच्या पातळ सावल्या दोन-तीन दिवसांत हाताला कोरड्या लागतील, ॲलिझरिन आणि काळा मात्र रेंगाळतात. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून हवा खेळू द्या, नाहीतर कॅनव्हासला बुरशी धरते. कपाटातही कोंडू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. उन्हाचा थेट झोत नसलेली, पण उजेडाची भिंत बघा. वार्निश सहा महिन्यांआधी नको, जाड रंग असेल तर वर्षभर थांबा.